नाव सांगण्याची घाई

गेल्या वर्षी जूनमध्ये, महाविद्यालयात प्रवेशाची धांदल सुरू असताना, मी सहा मासे घरी आणले. जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचे, राखी-तपकिरी. तोंडापासून डोळ्यावरून शेपटीच्या मुळापर्यंत ओढलेला एक काळसर पट्टा, एवढीच काय ती ओळख. पिशवीला गाठ मारता मारता दुकानदार म्हणाला, 'अगासिझी'.

दुसऱ्या दिवशी शेजारचा आठवीतला मुलगा वही घेऊन आला. "काकू, हे कोणते मासे?"

"ॲपिस्टोग्रामा अगासिझी," मी ठामपणे सांगितले. वीस वर्षे फळ्यापुढे उभे राहिले की आवाजाला एक खोड जडते. आपल्याला ठाऊक असो वा नसो, तो ठामच लागतो. मुलाने नाव लिहून घेतले, खाली तारीख घातली.

ॲपिस्टोग्रामा ही दक्षिण अमेरिकेतील बुटक्या सिक्लिड माशांची प्रजाती. ॲमेझॉनच्या खोऱ्यात, पाण्याखाली कुजणाऱ्या पाचोळ्यात ते राहतात. त्यांना तसेच वाटावे म्हणून मी महाविद्यालयाच्या आवारातल्या बदामाची वाळलेली पाने टाकीत टाकली होती. या प्रजातीतल्या अनेक जातींची पिल्ले एकमेकांसारखीच दिसतात. जातीची खूण नराच्या परांत असते आणि ती वयात आल्यावरच प्रकटते. अगासिझी नराची शेपटी भाल्याच्या पात्यासारखी एका टोकाला निमुळती होते. काकाटुऑइडीस या जातीच्या नराच्या शेपटीला दोन टोके फुटतात आणि पाठीवरच्या पराचे पुढचे काटे काकाकुवाच्या तुऱ्यासारखे उभे राहतात. तिचे नावही त्यावरूनच पडले आहे. माद्यांच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. शिवाय दबलेला नर कित्येकदा मादीसारखाच फिक्या रंगात राहतो. म्हणजे जो स्वतःला लपवतो आहे, त्यालाही आपण भलत्याच नावाने हाक मारण्याचा संभव.

ऑगस्टमध्ये दोन पिल्ले मी त्या मुलाला दिली. एक नर, एक मादी, अशा समजुतीने. सप्टेंबरच्या अखेरीस एका संध्याकाळी माझ्या टाकीतल्या सर्वांत मोठ्या माशाने प्रतिस्पर्ध्यासमोर पाठीवरचा पर उभारला. पुढचे चार-पाच काटे स्पष्टपणे वर आले होते. तुरा! शेपटीच्या दोन्ही कडाही लांबू लागल्या होत्या. दुसऱ्या नराची शेपटी मात्र मधोमध निमुळती होत चालली होती आणि काळा पट्टा थेट तिच्यात शिरला होता. एकाच पिशवीत दोन जाती होत्या.

मला स्वतःची लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. दर वर्षी मी एम. ए.च्या वर्गाला सांगते की, नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामाच्या रचना मिसळल्या आहेत. दोघांचीही मुद्रा 'नामा'. तेव्हा केवळ मुद्रेवर विसंबू नका, भाषा पाहा, संदर्भ पाहा, पोथी कोणत्या काळातली ते पाहा. आणि घरी मी काय केले? सगळ्यांच्या अंगावर असलेला एक काळा पट्टा पाहिला, दुकानदाराची मुद्रा प्रमाण मानली आणि निर्णय देऊन मोकळी झाले. 'माहीत नाही' हे दोन शब्द मला त्या मुलासमोर उच्चारता आले नाहीत.

ज्यांच्या नावाने अगासिझी ओळखला जातो, ते लुई अगासी 1865 मध्ये ब्राझीलला गेले होते. जाती कायमच्या ठरलेल्या असतात, अशी त्यांची श्रद्धा होती. डार्विनचा सिद्धान्त त्यांनी अखेरपर्यंत मान्य केला नाही. त्यांच्या नावाचा मासा मात्र नदीच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या रंगांत आढळतो. हे वाचून मला थोडा दिलासा मिळाला, हे कबूल करते.

पण दिलाशाने चूक निस्तरत नाही. त्या मुलाच्या टाकीत उद्या पिल्ले झाली, तर ती माझ्या चुकीच्या नावानिशी त्याच्या मित्रांकडे जातील, तिथून आणखी कुठे. पोथीतला अपपाठ नकलेगणिक असाच पुढे सरकतो. मी त्याच्या घरी गेले आणि म्हटले, "मी तुला चुकीचं सांगितलं होतं. तेव्हा मला ओळखता येत नव्हतं."

तो रागावला नाही. टाकीजवळ वाकून त्याने बराच वेळ पाहिले. "काकू, याला तुरा येतोय," तो म्हणाला, "पण हिचं काय?"

"अजून सांगता येत नाही. पिल्लं राखायला लागली की ती पिवळीधमक होईल, काळ्या खुणा उठून दिसतील. तेव्हा दोघं मिळून पाहू."

त्याने वही उघडली. जुने नाव खोडले नाही, त्यावर एकच रेघ मारली. खालचे अक्षर वाचता येत होते. नरापुढे नवे नाव लिहिले. मादीपुढे प्रश्नचिन्ह काढले आणि त्याखाली नेहमीसारखी तारीख घातली.