भोंगा वाजला की मैदान रिकामं

फिजीतल्या सुवाहून निघाल्यापासून दोन-अडीच तास खाली नुसतं पाणी. मग पाण्यावर पडलेली, वाकडी झालेली एक हिरवी दोरी दिसली, आणि तिच्या सगळ्यात रुंद भागात काळा डांबरी पट्टा. जिथे थोडीफार जागा होती तिथे धावपट्टी बसलेली. बॅगेच्या चिठ्ठीवर तुवालूच्या राजधानीचं, फुनाफुतीचं लघुरूप छापलं होतं, ‘फन’. मला मात्र पोटात गोळा आला होता.

तुवालू देशाची एकूण जमीन सव्वीसेक चौरस किलोमीटर, माणसं साधारण अकरा हजार, विमानतळ एकच. बाकीच्या बेटांवर जायचं तर बोट. विमानतळाबाहेर आलो आणि शंभर पावलांत मुक्कामाच्या घरी पोचलो. रिक्षा शोधायची सवय असलेल्या माणसाला हे जरा चुकल्यासारखंच वाटतं.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला मालकीणबाई म्हणाल्या, “धावपट्टीवर जाऊन या.” मला वाटलं, माझी चेष्टा चाललीय. गेलो तर अख्खं गाव तिथे. एकीकडे व्हॉलीबॉलची जाळी, पलीकडे रग्बी, मधून मोटारसायकलींवरून सहकुटुंब फेऱ्या, कडेला बाया गप्पा मारत बसलेल्या. कुंपण नाही, शिट्टी मारणारा पहारेकरी नाही. मी आपला उगाच डांबरावर पाऊल टाकताना इकडेतिकडे बघत होतो. आपल्याकडे पुण्यात लोहगाव विमानतळाच्या भिंतीपाशी जरा रेंगाळलं तरी हटकतात! रात्री उकाडा वाढला तशी काही घरं चटया-उशा घेऊन आली. घरात वारा नाही, इथे समुद्राचा वारा अडवणारं काही नाही. चांदण्यात मीही पाठ टेकली. दिवसभराचं ऊन डांबरात तसंच मुरलेलं होतं, पाठ छान शेकली.

ही पट्टी १९४३ साली अमेरिकी नौदलाने जपानविरुद्धच्या लढाईसाठी बांधली. त्यासाठी माडांच्या बागा गेल्या आणि भरावाचं प्रवाळ याच बेटातून खणून काढलं. ते खड्डे सत्तरेक वर्षं खारट पाण्याने आणि कचऱ्याने भरून राहिले. २०१५ मध्ये खाजणातली वाळू टाकून बुजवले. मोठ्या भरतीला पाणी किनारा ओलांडून येतंच, शिवाय पायाखालच्या प्रवाळातूनही वर झिरपतं. बागा गेलेल्या लोकांनी संध्याकाळपुरती का होईना जागा परत घेतली, यात मला काहीच गैर दिसलं नाही.

निघायच्या दिवशी भोंगा वाजला. अग्निशमन दलाची गाडी पट्टीवरून फिरली, कुत्री पळाली, मोटारसायकली बाजूला झाल्या. कुणी घाई केली नाही. विमान आलं, अर्ध्या गावाने पाहुण्यांना शिंपल्यांच्या माळा घातल्या, आणि आम्ही चढलो.

खिडकीतून पाहिलं तर कडेला पोरं उभी होती. एकाच्या काखेत बॉल होता.