उचल

परप्रांतातून येणारा माणूस चांदवडला नवा नाही. मुंबई-आग्रा महामार्ग गावाला लागूनच जातो, आणि होळकरांचा रंगमहाल इंदूरकडचा जुना राबता आजही सांगतो. हल्ली त्याच रस्त्याने उत्तर प्रदेश-बिहारमधील मजूर येतात. कांद्याच्या खळ्यांवर, बांधकामांवर राबतात. त्यांच्यापैकी काहींना मी दोन हंगाम मराठी शिकवले.

त्यांना मराठी येत नव्हती, असे म्हणता येणार नाही. ‘उचल’, ‘आण’, ‘थांब’, ‘लवकर भर’ हे सारे त्यांना पाठ होते. ज्यांच्या तोंडून ही भाषा त्यांनी ऐकली त्यांनी ती हुकमापुरतीच वापरली होती. त्यामुळे त्यांची अवघी मराठी एकवचनी आज्ञार्थात अडकली होती. तीच घेऊन ते दुकानात जात. पन्नाशीच्या दुकानदाराला ‘साखर दे’ म्हणत आणि त्याच्या कपाळावर आठी का पडली ते त्यांना उमगत नसे. घरी धाकट्यांनाही ‘आप’ म्हणणारी ही माणसे. उद्धट होते ते त्यांच्या वाट्याला आलेले व्याकरण.

फळ्यावर मी ‘दे’ आणि ‘द्या’ लिहिले, त्यांनी ते वहीत उतरवून घेतले. लिपीची अडचण बहुतेकांना नव्हती; जीभ अडखळे ती ‘ळ’पाशी. ज्या खळ्यावर दिवस जाई त्याचे नाव ते ‘खले’ असेच घेत. मग आम्ही रविवारी वर्गाबाहेर पडू लागलो. भाजीबाजारात प्रत्येकाने एक प्रश्न विचारायचा आणि मिळालेले उत्तर इतरांना सांगायचे. एकाने शेजारच्या गिऱ्हाइकाचे ऐकून विचारले, ‘मेथी कशी दिली, मावशी?’ हे वाक्य मी शिकवलेले नव्हते. त्याची फोड करताना माझीच गंमत झाली: भाव विचारायचा, पण ‘भाव’ हा शब्द नाही, सौदा व्हायचा आहे, पण क्रियापद भूतकाळी! मावशींना मात्र व्याकरणाशी कर्तव्य नव्हते. मावशी म्हटल्यावर जुडी दोन रुपयांनी उतरली.

ब्राझीलमधील आंजिकोस येथे 1963 साली पाउलो फ्रेरे यांच्या प्रयोगात सुमारे 300 मजूर 40 तासांत वाचू-लिहू लागले, ते त्यांच्या रोजच्या जगण्यातल्या शब्दांच्या आधाराने. हे मी पुस्तकात वाचले होते. त्याचा अर्थ कळला तो बाजार समितीच्या आवारात.

लिलाव आटोपल्यावर एका शेतकऱ्याने आपली हिशेबपट्टी आमच्यापुढे धरली. ‘हमाली’, ‘तोलाई’ हे शब्द सर्वांनी मोठ्याने वाचले. हमाली म्हणजे आपलेच काम, म्हणून हसलेही. तेवढ्यात एकाने खिशातून मुकादमाने दिलेली छोटी वही काढली. तिच्यात जागोजागी ‘उचल’ असे लिहून पुढे आकडे मांडले होते. त्याच्या समजुतीने ती उचललेल्या गोण्यांची नोंद होती. मजुरीपोटी आगाऊ घेतलेली आणि पुढे कापली जाणारी रक्कम म्हणजेही उचल, हे त्याला त्या उन्हात, उभ्या-उभ्या कळले. बराच वेळ कोणी बोलले नाही.

पुढच्या रविवारी भाजीबाजाराचे नाव कोणी काढले नाही. रेणुकामातेच्या मंदिराच्या पायऱ्यांवर बसून आम्ही हिशेबाची मराठी घोकली: जमा, कपात, बाकी, सही. ‘दाखव’ नव्हे, ‘दाखवा’. ‘ही उचल कोणत्या तारखेची?’ हे वाक्य त्याने इतक्या वेळा म्हटले, की पायऱ्या चढणारी एक आजी थांबून विचारू लागली, कसली परीक्षा आहे?

त्याने ते मुकादमाला विचारले. एक रक्कम दोनदा धरलेली निघाली, ती खोडली गेली. पुढच्या हंगामात मात्र त्याला त्या खळ्यावर काम मिळाले नाही. हल्ली तो पिंपळगावला असतो, अधूनमधून फोन करतो. बोलतो मराठीतच, ‘खळे’ अजून ‘खले’च म्हणतो.