तिकीट कोणी काढलं?

माझा भाचा बावीस वर्षांचा आहे आणि मोबाईलवर सिनेमाबद्दल बोलतो. शुक्रवारी पहिला शो बघायचा, थिएटरच्या पार्किंगमध्येच उभं राहून तीन मिनिटं बोलायचं, घरी पोचेपर्यंत एडिटिंग उरकून टाकून द्यायचं. बोलतो आपल्या नागपुरीत. "पिक्चर चांगला आहे बे, पण इंटरवलनंतर झोप येऊन रायली." हे धाडस आपल्याला 'झुंड'ने दिलं, असं तो सांगतो. नागराज मंजुळेंचा तो सिनेमा मार्च २०२२ मध्ये आला. समोर अमिताभ बच्चन आणि आपल्याच वस्त्यांमधली पोरं आपल्याच भाषेत बोलताहेत. त्यातल्या अंकुश गेडामला पुढे फिल्मफेअरही मिळालं. तोवर पडद्यावर आपली बोली बहुतेक हसवायलाच यायची.

मागच्या वर्षी, म्हणजे मार्च २०२५ मध्ये, जयंत सोमलकरांचा 'स्थळ' लागला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, तिथल्याच माणसांना घेऊन केलेला. टोरांटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला होता. त्यावर बोलताना भाचा मध्येच थांबला आणि म्हणाला, "मी बी चुलतभावासाठी अशीच पोरगी पाहायला गेलो होतो. चिवडा खाऊन आलो. तिचं नावही आठवत नाही." तो व्हिडिओ फिरला. घरात काकू चार दिवस बोलत नव्हती, ते वेगळं.

त्यानंतर त्याला एका प्रमोशनवाल्यांचा मेसेज आला. दुसऱ्याच एका सिनेमासाठी दोन रील्स करायच्या, आणि त्यात पैशांचा उल्लेख नको, 'मनापासून' वाटलं पाहिजे. रक्कम सांगत नाही, पण माझ्या पगाराच्या निम्मी होती.

"मामा, काय करू जी?"

मी लगेच कायदा काढला. पत्रकाराची खोड! केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये याबद्दल सूचना काढल्या आहेत. पैसे, भेटवस्तू, फुकट प्रवास, काहीही घेतलं असेल तर ते ठळकपणे सांगायचं. व्हिडिओ असेल तर ते दिसायलाही हवं आणि ऐकूही यायला हवं, आणि ज्या भाषेत शिफारस त्याच भाषेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत.

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या पेपरात कसं होतं?"

आता काय सांगणार. व्हेरायटी चौक, अलंकार टॉकीज चौक ही नावं आजही ऑटोवाल्याला सांगितली की पुरतात. त्या टॉकीजच्या जमान्याच्या शेपटाला मी एका स्थानिक दैनिकात सिनेमावर लिहायचो. तिकीट कधी काढलं नाही, पास यायचा. आजच्या सूचनांच्या हिशेबाने तेवढंही सांगावं लागलं असतं. एकदा एका सिनेमाबद्दल 'उत्तरार्ध रटाळ' असं लिहून दिलं. सकाळी छापून आलं, 'उत्तरार्ध संथ असला तरी उत्कंठा टिकवून ठेवणारा'. खाली त्याच सिनेमाची पाव पानाची जाहिरात, वर माझं नाव. डिप्लोमाच्या वर्गात आम्हाला बातमी आणि जाहिरात यांच्यात भिंत असते असं शिकवलं होतं. मी विचारायला गेलो नाही. नोकरी नवी होती.

त्या रविवारी पानठेल्यावर आमच्या गल्लीतले एक गृहस्थ भेटले. "तुमचं वाचून गेलो हो, सहकुटुंब. पाच तिकिटं." एवढंच म्हणाले आणि चुना मळत बसले. भाच्याला लोक एका मिनिटात खाली शिव्या घालतात. मला वीस वर्षांत समोरासमोर बोललेले ते एकटेच.

आणि हे सिनेमापुरतं राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांनी महाराष्ट्रातल्या पेड न्यूजवर लिहिलं. प्रेस कौन्सिलने दोघांची उपसमिती नेमली. तिचा सविस्तर अहवाल कौन्सिलने २०१० मध्ये बाजूला ठेवला. २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सांगितलं तेव्हा कुठे तो लोकांसमोर आला. दुसऱ्यांची माहिती मागत फिरणारे आम्ही, आमच्याबद्दलचा कागद असा बाहेर काढावा लागला. त्यामुळे आमच्यातला कुणी 'या मोबाईलवाल्या पोरांना काही धरबंद नाही' म्हणाला की मी हल्ली चहाकडे बघतो.

हे सगळं भाच्याला सांगितलं. पाच तिकिटांचंही. तो हसला नाही.

रात्री त्याने त्या लोकांना उत्तर पाठवलं, मला दाखवून: "करतो. पण सुरुवातीलाच 'ही पैसे घेऊन केलेली जाहिरात आहे' असं मराठीत बोलीन." दोन निळ्या टिक आल्या. उत्तर काही आलं नाही.

शुक्रवारी तो तिकीट काढून तोच सिनेमा बघून आला. चांगला होता म्हणे.