वहीचं रूप

आत्यांची वही उघडली की आधी वास येतो. शेंगदाण्याच्या तेलाचा, जुन्या कागदाचा आणि कुठल्यातरी दिवाळीच्या वेलदोड्यांचा. (आमच्या बेळगाव भागात सासूला आत्या म्हणायची पद्धत आहे. इंदूर-बडोद्याकडच्या मैत्रिणींचा गोंधळ नको, म्हणून आधीच सांगून ठेवते.) वही १९६८ सालापासूनची. आत ११८ पदार्थ. कांदा-लसूण नाही, बटाटा-गाजर-मुळा नाही. अष्टमी-चतुर्दशीला चालणारे पदार्थ वेगळ्या पानांवर, कडेला लाल पेन्सिलीची खूण करून.

मागच्या पावसाळ्यात वहीच्या शेवटच्या पानांना वाळवी लागली. सांडग्यांची दोन पानं गेलीच. मी फोनवर रडायच्या बेतात आले, तेव्हा पुण्याची लेक म्हणाली, "आई, नुसते फोटो काढून ठेवू नकोस. साइट कर. तुझ्या नणंदा-जावांनाच काय, सगळ्यांना वाचता येईल."

साइटला नाव घेतलं, जागा घेतली, पैसे भरले. हे सगळं एका दुपारी झालं. मग लेक म्हणाली, "आता थीम निवड." ती निवडायला मला पाच महिने लागले. त्यातले चार महिने मी भलतीकडेच बघत होते.

थीम म्हणजे साइटचं तयार रूप. मथळा कुठे, फोटो केवढा, अक्षर कसलं, रंग कुठला, हे सगळं त्यात ठरवून दिलेलं असतं. वर्डप्रेसवर अशा हजारो थीम फुकट मिळतात, विकतच्या आणखी वेगळ्या. मी साडीच्या दुकानात बसावं तशी बसले. ही दाखवा, ती दाखवा. प्रत्येक थीमचा नमुना बघायला मिळतो आणि तिथेच आपण फसतो. दुकानातल्या पुतळ्याला नेसवलेली साडी काय, छानच दिसणार. पुतळ्याला ना पोट, ना खांदे उतरलेले.

मला आवडलेल्या थीमच्या नमुन्यात पांढऱ्या लाकडी टेबलावर स्ट्रॉबेरीचा केक होता, शेजारी तागाचा रुमाल आणि खिडकीतून येणारं ऊन. मी ती घेतली. केकच्या जागी माझा फोटो टाकला: स्टीलचं ताट, त्यात कच्च्या केळ्याची भाजी, वर ट्यूबलाइटचा निळसर उजेड. माझ्या स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी नाही, त्याला थीम काय करणार? पण पान असं काही दिसायला लागलं की मला माझ्याच भाजीची लाज वाटली. चाळीस वर्षं करते ती भाजी, कधी वाटली नव्हती.

तरी हट्टाने तीच ठेवली. तिची अक्षरं बारीक, फिकट राखाडी. फार देखणी. पाच-सहा पदार्थ चढवले आणि फोन आत्यांच्या हातात दिला. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय त्यांचं, दुसऱ्याचं व्हायचंय. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला, तिरपा केला. "छान आहे ग," म्हणाल्या आणि फोन सतरंजीवर ठेवला. संध्याकाळी मी दिवा लावायला गेले, तर त्या वही उघडून बसलेल्या. म्हटलं, "फोनवर आहे की ते." तर म्हणाल्या, "असंल. पण मला दिसंना त्यात."

ज्या बाईने ते लिहिलं, तिलाच ते वाचता येईना. मग मी केक बघायचं सोडलं आणि अक्षर बघायला लागले.

फिकट अक्षराचं कारण सोपं होतं. वेबच्या मानकांमध्ये सांगितलंय की साध्या मजकुरासाठी अक्षर आणि मागचा रंग यांच्यातला फरक किमान ४.५ ला १ असावा. तो मोजून देणारी साधनं फुकट मिळतात. दोन रंग टाकले की आकडा येतो. आमची देखणी थीम त्यात नापास. रंग गडद केला, प्रश्न मिटला.

देवनागरीचा प्रश्न मात्र एवढा स्वस्त नव्हता. या थीम बहुतेक इंग्रजी अक्षर समोर ठेवून बेतलेल्या असतात. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि कधी अख्खं जोडाक्षर. त्याला वरखाली जागा लागते. नमुन्यात इंग्रजी मथळा ऐटीत दोन ओळींत बसला होता. तिथे मी 'दाण्याचं कूट घालून मोहरीची फोडणी दिलेली केळ्याची कोशिंबीर' असं लिहिलं (मथळे लांब ठेवायची मला खोड आहे), तर वरच्या ओळीतल्या 'कूट'चा ऊकार खालच्या ओळीतल्या मात्रेत जाऊन अडकला. ओळींमधलं अंतर अक्षराच्या पावणेदोन पट केलं, तेव्हा दोघं सुटे झाले.

मथळ्यातली अक्षरं एकमेकांपासून लांब ठेवायची एक फॅशन आहे. इंग्रजीत ती शोभते. आपल्याकडे तिने शिरोरेषा तुटते. 'वरणफळं' हा शब्द दात पडलेल्या माणसासारखा दिसायला लागला. परिच्छेदाचं पहिलं अक्षर भलंमोठं करायचीही हौस असते. त्यात पहिल्या अक्षराची रेघ एकीकडे आणि उरलेल्या शब्दाची दुसरीकडे. सूचना तिरक्या अक्षरांत देणारी थीम तर मी लगेच परत ठेवली. तिरकं देवनागरी आपल्या लिहिण्यात रुळलेलंच नाही. तिथे काँप्युटर सरळ अक्षराला कानाला धरून ओढतो.

आणि फॉन्ट. थीमबरोबर येणाऱ्या इंग्रजी फॉन्टमध्ये देवनागरी नसलीच, तर फोन आपल्याकडे असेल ते अक्षर दाखवतो. म्हणजे माझ्या फोनवर एक रूप, वन्संच्या फोनवर दुसरं. शिवाय आत्यांनी एक गोष्ट पकडली, जी माझ्या लक्षातही आली नव्हती. 'लापशी' हा शब्द बघून म्हणाल्या, "हे हिंदी पुस्तकातलं अक्षर आहे." खरंच होतं. हिंदीतला ल आणि श वेगळा, आपला वेगळा. आपला ल पाकळीचा, श देठाचा. महाराष्ट्र शासनाच्या २००९ सालच्या वर्णमालेच्या निर्णयातही तोच धरलाय. आम्ही राहतो कर्नाटकात, पण शाळेच्या पाटीवर गिरवलेला ल तोच. लापशीत नेमकी दोन्ही अक्षरं आली.

याला उपाय आहेत, आणि पैसे पडत नाहीत. तिरो टाइपवर्क्स यांनी 'तिरो देवनागरी' हा फॉन्ट हिंदी, मराठी आणि संस्कृत असा तीन वेगळ्या रूपांत केलाय. मी मथळ्यांना त्यातला मराठी लावला. आतल्या मजकुरासाठी मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' घेतला. लहान पडद्यावर तो स्वच्छ दिसतो. साइटची भाषा मराठी म्हणून सेटिंगमध्ये नोंदवायलाही विसरू नका. काही फॉन्ट ती नोंद वाचून ल आणि श आपोआप मराठी वळणाचे दाखवतात. अक्षराचा आकार मी २० ठेवला. लेक म्हणाली, "आई, हे फार मोठं दिसतं." म्हटलं, "तू वाचायला बसणार आहेस, की मी, की तुझी आजी?"

दुसरी थीम घेतली तेव्हा मी शहाणी झाले होते असं नाही. ती खास पाककृतींसाठीच केलेली होती. साहित्याचा वेगळा चौकोन, वेळेचा वेगळा, किती माणसांसाठी त्याचा वेगळा. मला कोण आनंद झाला! २३ पदार्थ मी त्या चौकोनांत बसवले. मग कळलं की तिची वरची पट्टी पडद्याला चिकटून राहते आणि छोट्या फोनचा पाव भाग खाते. कणकेच्या हाताने, कोपराने पडदा सरकवत वाचणाऱ्या बाईला ती कशी चालणार? म्हणून थीम बदलली. बदलल्यावर पदार्थ उघडून बघते तर साहित्याच्या जागी नुसते कंस आणि अगम्य कोड. चौकोन त्या थीमचे होते. ती गेली आणि मजकुराची घडी मोडून गेली. ते २३ पदार्थ वहीतून पुन्हा उतरवले. वही होती म्हणून बरं.

तेव्हापासून मी मजकूर साध्या परिच्छेदांत आणि साध्या यादीत लिहिते. थीमने तो पाहिजे तसा दाखवावा, पण ठेवायचा तिच्या डब्यात नाही. आणि नवी थीम बघताना तिचा नमुना बघतच नाही. माझं सगळ्यात अडचणीचं पान तिच्यात घालून बघते: फोटो नसलेलं, लांब मथळ्याचं, 'चिपटंभर' आणि 'दोन पळ्या' अशी मापं असलेलं. तेही धाकट्या जावेच्या जुन्या फोनवर, ज्याची काच दोन ठिकाणी फुटलीय. तिथे वाचता आलं तर पुढचं बोलायचं.

अशी एक सापडली. अगदी साधी. हलणारी चित्रं नाहीत, म्हणून चिकोडीकडच्या खेड्यातही पटकन उघडते. विभागांना नाश्ता, दुपारचं जेवण, डिनर अशी नावं दिलेली होती. सूर्यास्ताच्या आत जेवणाऱ्या घराला डिनर कुठलं? ती काढून वहीतले विभाग घातले: रोजचं, तिथीचं, चातुर्मासातलं, वाळवणाचं. खपली गव्हाच्या खिरीला 'खीर' आणि 'हुग्गी' अशी दोन्ही नावं दिली, कारण आमच्या घरातल्या निम्म्या बाया ती कन्नड नावाने शोधतात.

सगळं झालं असं वाटलं, तेवढ्यात लेकीने विचारलं, "आणि या गोलात कुणाचा फोटो?"

प्रत्येक पदार्थाच्या खाली लेखकाची जागा होती. एक गोल फोटो, शेजारी एक नाव. मी काही न भरल्यामुळे सगळीकडे माझंच नाव आलं होतं. ११८ पदार्थांखाली ११८ वेळा मी. ते मी केलेलं नव्हतं, थीमने केलं होतं. पण तोवर मला ते खुपलंही नव्हतं, हे कबूल करायला हवं.

आत्यांच्या वहीत असं नाही. तिथे प्रत्येक पदार्थाच्या वर कोपऱ्यात लिहिलंय, कुणाकडून शिकला ते. 'हुपरीच्या वन्सं.' 'सदलग्याची काकू.' 'निपाणीच्या मावशी, रेणुकाच्या बारशाला,' असं एका ठिकाणी, म्हणजे बारशाच्या मुलीला नाव आहे आणि मावशीला नाही. लेकीने तो गोल काढून टाकला आणि मथळ्याच्या खाली एक ओळ ठेवली: 'कुणाकडून.' म्हणाली, "आता नावं सांगा."

आम्ही आत्यांजवळ बसलो. हुपरीच्या वन्संचं नाव त्यांनी लगेच सांगितलं. सदलग्याच्या काकूंचं सांगताना अडल्या. "सासरचं सांगू की माहेरचं? लग्नात बदललं होतं." मी म्हटलं, त्यांना कुठलं आवडायचं? आत्या बराच वेळ गप्प बसल्या. "तिला कोण विचारलंय?" मग म्हणाल्या, "माहेरचं लिही. विहिरीवर मी तिला त्याच नावानं हाक मारायची."

एकोणतीस बायका निघाल्या. सव्वीस नावं मिळाली, काही फोनवर फोन करून, एक तर निपाणीच्या घराच्या जुन्या लग्नपत्रिकेवरून. तिघींची ओळ अजून गावाच्या नावावरच आहे. आत्यांच्या पदार्थांखाली त्यांचं नाव पहिल्यांदा आलं, तेव्हा त्यांनी फोन लांब धरला. जवळ घ्यायची गरज पडली नाही. मग खालचं साहित्य वाचत गेल्या आणि हुग्गीशी थांबल्या.

"गूळ दीड वाटी लिहिलीस होय ग? दोन पाहिजे. वहीत चुकलंय ते, मला माहीत होतं. मी घालताना दोनच घालत होते."