फळा, पडदा आणि कुरण

शिक्षणाचा विषय निघाला की मराठीच्या प्राध्यापकांनी थोडे मागे बसावे, असा एक अलिखित संकेत आपल्याकडे रूढ झालेला दिसतो. शिक्षणशास्त्र बी.एड. महाविद्यालयांचे, तंत्रज्ञान संगणक विभागाचे, आणि आमच्या वाट्याला कविता, कादंबरी, फार तर भाषाविज्ञान. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. मराठी घेऊन एम.ए. होणाऱ्या मुलामुलींपैकी बहुतेकांच्या मनात ‘पुढे काय?’ या प्रश्नाचे पहिले उत्तर ‘शिक्षक’ हेच असते. म्हणजे आम्ही दोघे गेली अनेक वर्षे ज्या वर्गापुढे उभे राहत आलो आहोत, तो प्रायः भावी शिक्षकांचाच वर्ग आहे. त्यांना उद्या कोणत्या शाळेत उभे राहायचे आहे, आणि तिथे फळा असेल की पडदा, हा प्रश्न म्हणूनच आमच्या विषयाच्या बाहेरचा नाही.

हा प्रश्न आमच्यापुढे तात्त्विक रूपात आला नाही. तो एका विद्यार्थिनीच्या रूपाने आला. मध्यंतरी आमच्या विभागातून एम.ए. झालेली ही मुलगी खानदेशातल्या एका खेड्यातली. वडील सालदार, घरात पदवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. बी.एड.ची फी साठवण्यासाठी एक-दोन वर्षे काम करायचे तिने ठरवले आणि तिच्यासमोर एकाच महिन्यात दोन कामे आली. शालेय अभ्यासक्रमाचे व्हिडिओ तयार करणाऱ्या एका कंपनीत पाठलेखनाचे काम. आणि एका लहानशा प्रयोगशील शाळेत मुलांबरोबर काम करणाऱ्या ‘ताई’चे काम. शाळेचे मानधन कंपनीच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. ‘‘सर, मॅडम, मी काय करू?’’ असे विचारायला ती आली, तेव्हा तिच्याजवळ दोन्हीकडच्या सूचना होत्या. कंपनीने सांगितले होते, धडा सहा मिनिटांत बसला पाहिजे आणि भाषा कोणत्याही एका जिल्ह्याची वाटता कामा नये. शाळेने सांगितले होते, पहिले पंधरा दिवस काहीही शिकवू नका. मुले आपसांत काय बोलतात ते वहीत लिहून आणा.

या दोन वाक्यांत शिक्षणाविषयीचे दोन संपूर्ण विचारव्यूह सामावलेले आहेत, असे आम्हाला वाटते. त्यांचा थोडा मागोवा घ्यायला हवा.

शिक्षण यंत्राच्या द्वारे दूरवर पोचवण्याचे स्वप्न आजचे नाही. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रयोगात अमेरिकेच्या उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोचवले गेले. पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी सुरू झाली. आमच्या पिढीतल्या अनेकांनी दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम पाहिले आहेत. २०१७ साली ती बंद झाली तेव्हा आमच्या वयाच्या माणसांना बालपणीचे एखादे दुकान उठून गेल्यासारखे वाटले. २००४ मध्ये खास शिक्षणासाठीचा ‘एज्युसॅट’ उपग्रह अवकाशात गेला. पुढे स्मार्ट बोर्ड आले, टॅब आले, २०२० च्या टाळेबंदीत तर शाळाच काही काळ मोबाइलमध्ये जाऊन बसली. यंत्रे बदलत गेली, पण प्रत्येक वेळी आश्वासन एकच होते : जिथे चांगला शिक्षक पोचू शकत नाही तिथे चांगला धडा पोचेल.

हे आश्वासन सर्वस्वी खोटे म्हणता येणार नाही. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश चाळण्यासाठी पूर्वी एखाद्या जुन्या ग्रंथालयाच्या ग्रंथपालाची मर्जी सांभाळावी लागे. आज तालुक्याच्या गावातला विद्यार्थीही तो हातातल्या मोबाइलवर उघडतो. मराठी विश्वकोशाचेही तसेच. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांना क्यूआर कोडची जोड दिली, पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही ते कोड आले, आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पण येथेही हे ध्यानात घ्यावे लागते की कोडच्या आधी शिक्षक होता. आपल्या मुलांना काय हवे आहे हे पाहून त्याने यंत्र हाती घेतले. यंत्र आले म्हणून मुले शोधली नाहीत.

दुसरा विचारव्यूह याहून जुना आहे. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या तेव्हा एक साधी अडचण समोर आली : बालवाडी आहे, पण वस्तीतली मुले तिथे येत नाहीत. मग बालवाडीच वस्तीत गेली, घरांच्या अंगणात भरू लागली. माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती, तेव्हा शिंपले, बिया, पाने, खडे ही साधने झाली. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर सरकारी कागदपत्रांत रुळलेला शब्द त्या अंगणातून आलेला आहे. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांच्यापुढे तोच प्रश्न वेगळ्या रूपात आला. आदिवासी मुले शाळेत येईनात, कारण ती गुरे चारायला जात. तेव्हा शाळा कुरणावर गेली. कुरणशाळा! मराठी शिक्षणविचाराला मिळालेला यापेक्षा अर्थपूर्ण सामासिक शब्द आम्हाला माहीत नाही.

वरवर पाहता कुरणशाळा आणि मोबाइलमधली शाळा यांत फरक नाही, असे कोणी म्हणेल. दोन्हीकडे शाळाच मुलापर्यंत जाते. परंतु कुरणशाळेला मूल कुठे आहे हे आधी शोधावे लागले. ते गुरांमागे का आहे, त्याच्या घराला त्या गुराख्याची गरज का आहे, ते कोणत्या भाषेत हाक मारते, हे समजून घ्यावे लागले. मोबाइलमधला धडा असे काही विचारत नाही. मूल पडद्यासमोर बसलेलेच आहे, त्याला धड्याची भाषा येतेच आहे, हे तो गृहीत धरतो. जाणे आणि पोचवणे या दोन क्रियापदांमधला हा फरक आहे.

इव्हान इलिच यांनी १९७१ साली ‘डीस्कूलिंग सोसायटी’ या ग्रंथात शाळा नावाची संस्थाच विसर्जित करावी असे मांडले, तेव्हा शाळेऐवजी त्यांनी ‘ज्ञानाची जाळी’ सुचवली होती. साधने कुठे मिळतील, कौशल्य कोण शिकवील, आपल्यासारखीच जिज्ञासा असलेला दुसरा माणूस कुठे आहे, हे संगणकाच्या मदतीने कळावे अशी त्यांची कल्पना होती. आज ते जाळे आपल्या खिशात आहे. तथापि इलिच यांच्या जाळ्याच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस अभिप्रेत होता. आपल्या जाळ्याच्या दुसऱ्या टोकाला बहुधा तयार धडा असतो.

सुगत मित्र यांचा अनुभव या संदर्भात फार बोलका आहे. १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात त्यांनी भिंतीत संगणक बसवला आणि वस्तीतली मुले कोणी न शिकवता तो वापरू लागली. शिक्षकाची गरजच संपली, असा अर्थ पुष्कळांनी त्यातून काढला. पण पुढच्या प्रयोगांत मित्रांनाच एक आजी लागली! मुलांच्या मागे उभी राहून ‘अरे वा, हे कसे केलेस?’ असे विचारणारी, स्वतः विषय न जाणणारी, पण कौतुकाने ऐकणारी. त्यातूनच स्काइपवरून मुलांशी गप्पा मारणाऱ्या आज्यांचा ताफा उभा राहिला. २०१३ च्या ‘टेड’ पारितोषिकानंतर उभारलेल्या त्यांच्या प्रयोगशाळांपैकी एक आपल्या फलटणला, कमला निंबकर बालभवनात होती. मॅक्सीन बर्नसन यांची ही शाळा. जाई निंबकरांसह परभाषकांसाठी मराठीचे व्याकरण आणि पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्या या भाषाभ्यासक बाईंनी ग्रामीण मुलांचे वाचन-लेखन हे आयुष्याचे काम मानले. मराठीच्या प्राध्यापकांनी शिक्षणापासून दूर का राहू नये, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही. कोल्हापूरला १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू करणाऱ्या लीलाताई पाटील या तर ना. सी. फडक्यांच्या कन्या.

ऐकणाऱ्या माणसाविषयी बोलताना आम्हाला सोपानदेव चौधरी आठवतात. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर सुचेल तसे त्या म्हणत गेल्या आणि सोपानदेवांनी व त्यांच्या मावसभावाने त्यातले जमेल तेवढे टिपून ठेवले. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या. १९५२ मध्ये त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. साहित्याच्या इतिहासात ही घटना आपण एका प्रतिभेचा शोध म्हणून शिकवतो, आणि ते योग्यच आहे. पण वही आणि पेन्सिल एवढ्याच तंत्रज्ञानाच्या बळावर आपल्या घरातल्या बोलीला ऐकण्याजोगे मानणारा एक मुलगा तिथे होता, हीदेखील शिक्षणाच्या दृष्टीने तेवढीच मोठी घटना आहे.

त्या मुलीच्या वहीकडे आता येऊ. निर्णय घेण्याआधी ती त्या शाळेत पंधरा दिवस जाऊन बसली आणि आम्हाला वही दाखवायला आली. ‘अंडोर’, ‘अंडेर’, ‘माले’, ‘तुले’... पानामागून पान अहिराणीने भरलेले. ‘‘मॅडम, हे सगळे शब्द माझ्या घरातलेच आहेत,’’ ती म्हणाली, ‘‘पण कॉलेजात आल्यापासून ‘अंडेर’ हा शब्द मी एकदाही मोठ्याने उच्चारला नव्हता. तिथे एका पोरीने तो सहज म्हटला आणि मला तो लिहून घ्यायचा होता. लिहिताना हात थांबला.’’ ते ऐकून आम्ही दोघे काही वेळ काहीच बोललो नाही.

नोव्हेंबर २०२२ नंतर मराठीत अस्खलित लिहिणारी यंत्रेही आपल्या वर्गात आली आहेत. अंतर्गत मूल्यमापनाचे निबंध वाचताना ते जाणवते. एकही ऱ्हस्वदीर्घाची चूक नाही, एकही खटकणारे वाक्य नाही, आणि एकही वाक्य कुठल्या गावाहून आलेले नाही. यात यंत्राचा दोष काढण्यात अर्थ नाही. छापली गेलेली मराठी बव्हंशी प्रमाण मराठी आहे. जे लिहिलेच गेले नाही ते यंत्र कुठून शिकणार? म्हणजे ‘कोणत्याही एका जिल्ह्याची वाटता कामा नये’ ही कंपनीची सूचना नवी नव्हे. आपल्या पाठ्यपुस्तकांनी ती फार आधीपासून पाळली आहे. यंत्राने तिला फक्त वेग दिला.

मग त्या मुलीने शाळाच निवडायला हवी होती, असा निष्कर्ष वाचकांच्या मनात आला असेल. तो आम्हाला मान्य नाही. पर्यायी शाळांच्या चळवळीविषयी मनात पूर्ण आदर ठेवूनही एक गोष्ट बोलली पाहिजे. या शाळा पुष्कळदा शिक्षकांच्या त्यागावर उभ्या असतात, आणि त्याग करण्यासाठीही घरात काही शिल्लक असावे लागते. पोटापुरती शेती, नोकरी करणारा जोडीदार किंवा निवृत्तिवेतन पाठीशी असलेल्या माणसाला जे शक्य होते, ते सालदाराच्या मुलीकडून मागणे न्याय्य नाही. ज्या मुलांची भाषा या शाळांना ऐकायची आहे, ती भाषा जन्मतः जाणणारी शिक्षिका नेमकी मानधनाच्या आकड्यापाशी अडते, ही विसंगती केवळ सदिच्छेने मिटणारी नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत, शक्य तिथे, घरची भाषा हे शिक्षणाचे माध्यम असावे असे म्हटले आहे. पण घरची भाषा वर्गात यायची तर ती बोलणारा शिक्षक वर्गात टिकला पाहिजे, आणि टिकण्याचा प्रश्न शेवटी वेतनाचा आहे. आम्ही तिला कोणताही एक रस्ता सांगितला नाही. दोन्हीकडचे जे दिसले ते समोर मांडले. पगाराचा हिशेब तिच्या घराचा होता.

तिने कंपनीचे काम घेतले. वही बरोबर नेली. सुरुवातीला एका धड्यात तिने दोन अहिराणी शब्द घातले. संपादकांनी ते काढून टाकले. पुढच्या धड्यात तिने शब्द घातले नाहीत, फक्त शेवटी एक प्रश्न ठेवला : ‘तुमच्या घरी याला काय म्हणतात?’ त्यानंतर वीस सेकंद पडदा मोकळा. तो प्रश्न राहिला. तिने फोनवर हे सांगितले तेव्हा आवाजात आनंद होता, आणि लगेच तिनेच पुढे विचारले, ‘‘पण सर, उत्तर कोण ऐकणार?’’

आम्ही इतकेच म्हणालो की तो धडा ज्या वर्गात लागेल, तिथे कोपऱ्यात कुणी शिक्षक उभा असेल तर तो ऐकेल. आणि तो वीस सेकंद पडद्याकडे न पाहता मुलांकडे पाहील, असा शिक्षक घडवणे हे काम आमच्याकडे, तुमच्याकडे, मराठीच्या वर्गात बसलेल्या सगळ्यांकडे आहे. तिने बी.एड.चा अर्ज यंदा भरला आहे.