गिअरबॉक्सचा ताप

मैत्रिणींनो, पोराचं अंग तापलं तर आपण कपाळाला हात लावून बघतो. गिअरबॉक्सला कसा लावणार? सासरे गेले, मागे त्यांची प्रीमियर पद्मिनी राहिली. सासूबाईंचा तिच्यावर भारी जीव! मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा आमच्या लांज्याच्या घरातही ‘आता ही विकाच’ सुरू झालं. आंबा घाट चढताना ऑईलचा जळका वास येई ना! मी म्हटलं, आधी ताप तर मोजू.

मेकॅनिकने ऑईल सोडायच्या बोल्टला भोक पाडून, आटे पाडून सेन्सर बसवला. तुम्हीही बसवणार असाल तर एवढं बघा : सेन्सरचं टोक ऑईलात बुडायला हवं, पण गिअरच्या दात्यांना लागता कामा नये. आट्यांना टेप गुंडाळू देऊ नका. एका तारेच्या सेन्सरला अर्थिंग त्या आट्यांतूनच मिळतं. तांब्याचा वायसर पुरे. मीटर सेन्सरच्या जोडीचंच घ्यावं, नाहीतर आकडा खोटा. आणि ऑईल भरताना गाडी सपाटीवर हवी, बरं का!

आता घाटात काटा चढला की मी म्हणते, “अहो, थांबा जरा, चहा घेऊ.” विकायचा विषय मागे पडलाय, अन् सासूबाई पुढच्या सीटवर बसून कोल्हापूरला निघतात.