माझाच आवाज

वीस वर्षें वर्गांत मोठ्यानें वाचून दाखविण्यांत गेलीं; तेव्हां आपला आवाज आपणांस ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती. गेल्या दिवाळीच्या सुटींत ती समजूत पार लयास गेली.

लिब्रिव्हॉक्स या नांवाचा स्वयंसेवक वाचकांचा एक मेळा आहे. कॅनडांतील माँट्रियल शहरच्या ह्यू मॅग्वायर यांनीं तो २००५ सालीं सुरू केला. ज्यांवरील स्वामित्वहक्काची मुदत संपली आहे असे ग्रंथ देशोदेशींचे लोक घरीं बसून वाचतात, त्यांचें ध्वनिमुद्रण पाठवितात, आणि तें इंटरनेटवर कोणासही विनामूल्य ऐकावयास मिळतें. वाचणारास मोबदला नाहीं. तुमचा उच्चार कोणत्या प्रांतींचा, असेंही कोणी विचारीत नाहीं. प्रथम एक मिनिटाचा नमुना पाठवावयाचा, तोही आवाज यंत्रांत नीट उतरतो कीं नाहीं हें पाहण्यापुरता.

एक मिनिट! मला हंसूंच आलें.

हरि नारायण आपटे १९१९ सालीं निवर्तले. त्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’ या कादंबरींत यमू आपली कहाणी स्वमुखानें सांगते. म्हणून तींतलेंच एक प्रकरण मीं निवडलें. दार लावलें, पंखा बंद केला. पहिल्याच वाक्याला शेजारच्या कुकरची शिटी झाली, दुसऱ्या खेपेस भाजीवाला ओरडला. अखेरीस मायक्रोफोन घेऊन मी डोक्यावरून गोधडी पांघरून बसलें. (जाड कापडानें खोलींतला घुमारा शोषला जातो, पण त्या वेळीं मला कोणी पाहिलें असतें, तर शाळेंत तोंड दाखविणें कठीण झालें असतें.) आतां गडबड नव्हती, तरी जीभ अडखळूं लागली. सात वेळां थांबलें. समोर वर्ग नाहीं, परीक्षक नाहीं, तरी तळहातांस घाम!

मग तें ऐकलें. आपण बोलतों तेव्हां आपला आवाज हवेंतून कानीं येतो, तसाच कवटीच्या हाडांतूनही आंतल्या आंत पोंचतो. हाडें खर्जाचा भाग अधिक पोंचवितात, म्हणून आपला आवाज आपणांस भारदस्त वाटतो. यंत्रास मिळतो तो केवळ हवेंतला, बारीक आणि परका. इतकें मला पुस्तकांतून ठाऊक होतें. परंतु यमूचें दुःख मीं हजेरी घ्यावी तशा स्वरांत वाचलें होतें, याला हाडांचा कांहीं इलाज नव्हता. शिवाय ज्या ‘ण’पायीं मीं किती मुलांना बाकावर उभें केलें, तो माझ्याच तोंडीं दोन ठिकाणीं ‘न’ झाला होता.

पाठविलेलें वाचन दुसरा एक स्वयंसेवक पुस्तक समोर ठेवून ऐकतो, आणि कोणत्या मिनिटाच्या कोणत्या सेकंदास चूक झाली तें कळवितो. माझें एक वाक्य दोनदां आलें होतें आणि एक शब्द गळला होता. ‘एवढें पुन्हां वाचून पाठवावें,’ इतकाच निरोप. तांबडी शाई नाहीं. तो निरोप मीं बराच वेळ पाहत राहिलें.

माझ्या वर्गांत एक मुलगी आहे. तिच्या संमतीनेंच हें लिहितें. ती कधीं मोठ्यानें वाचीत नसे. मीं तिला हट्टी ठरविलें होतें. एकदां तर सबंध तास उभें केलें. सुटीनंतर तिला बोलावून माझीं तीं सातही फसलेलीं वाचनें ऐकविलीं. तिसऱ्यास ती हंसली. ‘बाई, तुम्हीसुद्धां?’ म्हणाली. मीं तिची क्षमा मागितली आणि धडा घरींच वाचून ध्वनिमुद्रित करून आण, घाई नाहीं, असें सांगितलें.

नऊ दिवसांनीं तिनें तो आणला. चार मिनिटांचें वाचन, बरेंच सावकाश, आणि मध्येंच तिच्या आजीचा खोकला. तो पुसून टाकूं का, म्हणून तिनें विचारलें. मीं म्हटलें, राहूं दे.